युरोप दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल

आमच्या ह्यांनी मला काश्मीर तीनदा दाखवलंय, केरळ दोनदा आणि अंदमान एकदा. सगळं जेवणाच्या टेबलावर. वही उघडायची, पट्टीनं रकाने आखायचे, गाडी किती वाजता सुटणार, चहा कुठं, मुक्काम कुठं, कुठं दहा मिनिटं जादा धरायची, सगळं लाल-निळ्या पेनानं लिहून काढायचं. आणि निघायचा दिवस जवळ आला की काहीतरी होऊन बेत रद्द. मग वही कपाटात. असल्या एकोणीस वह्या आहेत आमच्या घरात. मला साड्या ठेवायला जागा नाही.

ह्यांचं नाव त्रिंबक. सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे माइक धरून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं आणि ती वेळेवर सोडायची. सगळी कॉलनी त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणते. चौतीस वर्षं नोकरी केली, आणि ह्या माणसाला गाडी लागते! हसू नका. सोलापूर सोडून तासाभरात मोहोळ दिसायला लागलं की तोंड पांढरं, आणि मोहोळच्या पुढं गेलं की उलटी. भरती झाले होते कंडक्टर म्हणून. तिसऱ्याच दिवशी अकलूजच्या गाडीत तिकिटांच्या पेटीतच ओकले. साहेब भला माणूस निघाला, त्यानं हापिसात बसवलं, पुढं परीक्षा देऊन हे कंट्रोलर झाले. तेव्हापासून लोकांना गावोगाव धाडायचं आणि आपण फलाटावर उभं राहायचं, हा धंदा.

मी नागूबाई. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, दोन वर्षांमागं रिटायर झाले. दवाखान्यातली माझी भाषा वेगळी, घरातली वेगळी आणि रागातली तिसरीच. ही गोष्ट तिन्हीत सांगणार आहे, चालवून घ्या.

निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आता काय करणार सिस्टर?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "जग फिरणार!" टाळ्या पडल्या. त्यानंतर दोन वर्षांत मी करकंबला दोन लग्नांना आणि मोहोळला एका मयतीला गेले. झालं माझं जग.

यंदा एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला. दुपारी खिडकीला ओली चादर बांधून हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. एकदम ओरडले, "नागू, सापडलं! भूमध्य समुद्रातली बेटं. माल्टा, सिसिली, क्रीट. वर्षातलं तीनशे दिवस ऊन!"

"ऊन?" मी म्हणाले. "अहो, ऊन बघायला एवढ्या लांब? दार उघडून अंगणात जा की."

"तसलं न्हाय गं. तितं लोक मुद्दाम ऊन खायाला जात्यात."

"आपल्याकडं ऊनच माणसाला खातंय."

पण मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. निळं पाणी. इतकं नितळ की तळाचे दगड मोजून घ्यावेत. काठावर पांढरी घरं, आणि एक माझ्याच वयाची बाई गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी. कुणाचं काही देणं लागत नाही अशी उभी होती बाई. हातात पिशवी नाही, मागं कुणी हाका मारत नाही. मला त्या बाईचा लई हेवा वाटला. मला तिथं जायचं होतं. वहीत नाही, टेबलावर नाही, खरंखुरं जायचं होतं. गुडघे अजून चालतायत तोवर.

विसावी वही सुरू झाली. हे सकाळी उठून बोटींच्या वेळा उतरवून घ्यायचे. "सिसिलीची बोट सात वाजून पस्तीस मिनिटांनी सुटते, आपण सातला धक्क्यावर. वीस मिनिटं नाश्ता." मी भाकरी थापता थापता ऐकायची आणि मनात म्हणायची, थापा. तुमी तिकडं थापा, मी हितं थापते. दिवस जवळ आला की ह्यांचं काहीतरी निघणार आणि वही कपाटात जाणार, हे मला पाठ झालेलं. ह्या वेळी मी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

आता नवऱ्याला मी पस्तीस वर्षं ओळखते. बायकोला दिलेला शब्द हा माणूस मोडेल, पण चारचौघांतला मोडणार नाही. आणि आमच्या भागात चारचौघं म्हणजे काय, तर फ्लेक्स. आमच्याकडं पोरगं दहावी पास झालं की फ्लेक्स, कुणी सोसायटीचा संचालक झाला की फ्लेक्स, मागं एकाच्या कुत्र्याच्या वाढदिवसाचाही लागला होता. एकदा माणूस चौकात फ्लेक्सवर चढला की त्याला माघार नाही.

मी कपाटातून ह्यांचा युनिफॉर्ममधला फोटो काढला आणि संघपालकडं गेले. संघपाल म्हणजे आमच्या तक्षशिला मित्र मंडळाचा अध्यक्ष, फ्लेक्सचं दुकानही त्याचंच.

"काकू, कंट्रोलरसाहेब युरोपला? व्हय काय?"

"व्हय. पण त्यांना सांगू नको. सरप्राइज हाय."

"तुमी फकस्त बघा काकू," असं म्हणून त्यानं डोळा मारला. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स. वर महामानवांचे फोटो, खाली मंडळाच्या बावीस कार्यकर्त्यांची तोंडं, आणि मधोमध आम्ही दोघं. 'तक्षशिला कॉलनीचे भूषण मा. त्रिंबकराव व सौ. नागूबाई यांची युरोप दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निवड कुणी केली, कशातून केली, ते विचारायचं नाही. मागं आयफेल टॉवर, त्याच्या पायाशी समुद्र, आणि समुद्रात एक भलं मोठं जहाज. माझा फोटो मतदान ओळखपत्रावरचा घेतला होता मेल्यानं. त्यात मी आत्ताच कुणाला तरी इंजेक्शन देऊन आल्यासारखी दिसत होते.

हे फिरून आले. दोन ग्लास पाणी प्यायले. मी लसूण सोलत बसले होते.

"चौकात बघितलंस का?"

"काय ओ?"

"कुणी केलं हे?"

"मला काय ठाव. मंडळाची पोरं, काय बी करत्यात."

ह्यांनी ग्लास पालथा घातला. मग म्हणाले, "आपल्या रूटवर आयफेल टॉवर येत न्हाय." आणि आत निघून गेले. मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी मोरीत जाऊन हसले.

मग काय विचारता! दुपारपर्यंत दारात रांग. ज्यानं त्यानं यायचं, ह्यांचा हात हातात घ्यायचा, "नाव काढलंत साहेब" म्हणायचं. एकीनं ऑलिव्हचं तेल मागितलं, केसाला बरं असतंय म्हणून. दूधवाल्यानं विचारलं, तिकडं म्हशी हायत का. शेजारची जगदेवी कडक भाकरी करून विकते, तिनं तर हुकूमच सोडला. "अक्का, शंभर भाकरी करून देते. दोन महिने काही होत नाही त्यास्नी. तिथला पाव खाऊन पोट बिघडवून घेऊ नका. शेंगाची चटणी वेगळी बांधते." मी सगळ्यांना हो म्हणत गेले. जितकी माणसं जास्त तितका ह्यांचा पाय खोलात.

रात्रीपर्यंत फोटो पुण्याला पोचला. आमची मुलगी धम्मप्रिया तिकडं कंपनीत आहे. तिचा फोन आला, "आई, हे काय ऐकतेय मी? खरंच जाताय? पप्पांना दे." मग बापलेकीचं अर्धा तास काहीतरी चाललं, गॅलरीत दार लावून. मला वाटलं, पोरगी बापाला पटवतेय. कुणाच्या बाजूची आहे ते मला काय माहीत!

आता हे पळवाटा काढणार, हे मी धरूनच चालले होते. पहिल्यांदा म्हणाले छातीत धडधडतंय. मी बीपीचं मशीन काढलं. एकशे चोवीस, ऐंशी. "नवरदेवाचं असतं असलं बीपी," मी म्हणाले. मग म्हणाले, बेत सप्टेंबरचा, आणि मोहोळच्या चुलतभावाकडं तेव्हाच लग्न आहे. मी तिथंच चुलतभावाला फोन लावला. पोरगी अजून अकरावीत. मग गुडघा. मी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, आणि सांगितलं की हा गुडघा अजून वीस वर्षं जातोय. तेव्हापासून पळवाटा बंद झाल्या. हे वही लिहीत बसायचे. मी मनात म्हटलं, आला नंदी वाटेवर.

जुलैत व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं निघालं. "तू जा पुढं," हे म्हणाले. "माझी तारीख वेगळी हाय." मी संशयानं बघितलं. पण धम्मप्रियानंही तेच सांगितलं, "पप्पांचा स्लॉट वेगळा आहे गं आई, कॉम्प्युटरवर तसंच आलंय." कॉम्प्युटरपुढं आपण काय बोलणार! गेले. तिथं सगळ्या बायकाच बायका. एकमेकींना नावानं हाका मारत होत्या. एक माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही सोलापूरच्या ना? भाकरी आणणार ना?" मला कळेना, हिला माझ्या भाकऱ्या कशा कळल्या. धम्मप्रियानं मला कोपराला धरून पुढं ओढलं.

ऑगस्टात माझा पासपोर्ट शिक्का घेऊन घरी आला. ह्यांचा? "येईल की," म्हणाले. मी ओळखलं, माणूस शेवटच्या घडीला घसरणार. म्हणून शेवटचा खिळा ठोकायला मी परत संघपालकडं गेले. "आमचा सत्कार ठेव," म्हटलं. "सगळ्या कॉलनीदेखत. आणि ह्यांना बोलायला लाव." मंडळासमोर माइकवर 'जातो' म्हणून सांगितलं की संपलं. मग मोहोळ काय, मुंबई काय, उलटीची पिशवी हातात धरून मी नेलं असतं त्यांना.

रविवारी सकाळी कॉलनीतल्या बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये दीडशे माणूस. वंदना झाली, आम्हाला स्टेजवर बसवलं, शाली पांघरल्या, गुलाबाची फुलं दिली. ऑगस्टातला उकाडा आणि अंगावर शाल, पण मी खुशीत होते. संघपाल म्हणाला, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

हे उठले. माइकवर दोन टिचक्या मारल्या, स्टँडवर मारायचे तशाच. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," म्हणाले. हॉल हसला. मीही हसले.

"युरोपची गाडी अठरा सप्टेंबरला सुटणार हाय. प्रवासी एक. नागूबाई."

मला वाटलं, ह्यांची जीभ घसरली.

"पुण्याच्या सोळा बायकांचा ग्रुप निघालाय. आमच्या मुलीनं आईचं नाव घातलंय. त्यांचा कार्यक्रम मी तपासलाय, दोन ठिकाणी वेळ कमी ठेवली होती, ती दुरुस्त करून घेतली. मी जाणार न्हाय. मला मोहोळच्या पुढं जमत न्हाय, हे हितं कुणापासून लपलंय? चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. ही एक घरची सोडायची ऱ्हायली व्हती." टाळ्या सुरू झाल्या तसा ह्यांनी हात वर केला. "आणखी एक. चौकातला फ्लेक्स कुणी लावला, ते मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. त्यावरचा फोटो माझ्या लोखंडी कपाटातला. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याजवळ असती, आणि मी तर काय लावला न्हाय."

हॉल असा हसला, असा हसला की जगदेवीला ठसका लागला. मी लाजेनं आणि रागानं लाल झाले. चार महिने मी ह्या माणसाला खिंडीत गाठत होते, आणि हा बसल्या जागी माझीच फिर्याद माझ्यावर उलटवून मोकळा! घरी चला, मी मनात म्हटलं. घरी चला, दाखवते.

आणि तेवढ्यात संघपालनं माइक माझ्या हातात दिला. "काकू, बोला."

मी उठून उभी राहिले.

सोळा अनोळखी बायका. विमान. विमानात पट्टा कसा लावतात? तिकडं वाट चुकले तर? पाण्यात पाय घसरला तर? इंग्रजी माझं औषधांच्या नावांपुरतं. आणि त्याच वेळी तोंडात एक वाक्य आपसूक तयार झालं. 'मी जाईन हो, पण ह्यांच्या साखरेच्या गोळ्यांचं कोण बघणार?' बास. एवढं म्हटलं की सुटले असते. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या असत्या, काय पण बाई आहे म्हणाले असते, आणि मी शाल घेऊन घरी आले असते.

ते वाक्य माझ्या तोंडात नवं नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. अनुराधापूरला जायचं ठरलं होतं, श्रीलंकेत, बोधिवृक्ष बघायला. पासपोर्ट तेव्हाच काढले. हे पहाटे गोळी घेऊन, पिशव्या खिशात कोंबून, बूट घालून तयार होते. गाडी दारात उभी. आणि मीच म्हणाले होते, "नको ओ, तुमाला लई त्रास होईल, ऱ्हाऊ द्या." मग आठ दिवस मीच भांडले, तुमच्यामुळं माझं जाणं राहिलं म्हणून. केरळच्या वेळी तसंच. काश्मीरच्या तिन्ही वेळी तसंच. दरवेळी बेत रद्द झाला की मी आदळआपट करायची, आणि तिसऱ्या दिवशी मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खुर्चीत बसून माझ्याचकडं बघत होते. हसत नव्हते. त्यांना ते वाक्य माहीत होतं. ते त्याचीच वाट बघत होते.

"ह्यांच्या," मी सुरुवात केली, आणि माइक तोंडाजवळ ओढला. परत म्हणाले, "ह्यांच्या साखरेच्या गोळ्या डाव्या खणात हायत. सकाळी एक, रात्री एक. विसरले तर जगदेवी, तू भिंतीवरून ओरडायचंस. भात कमी द्यायचा. संघपाल, फ्लेक्सवरनं ह्यांचा फोटो काढून टाक. मी जाणार हाय."

पुढचं मला ऐकू आलं नाही, इतक्या टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं विहाराच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो. आत पोरं खुर्च्या उचलत होती. मी ह्यांच्या दंडाला धरलं.

"मला लई भ्या वाटतंय," मी म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"अनुराधापूरपासनं."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईत? मी मेली तुमच्या नावानं बोटं मोडत बसले, लोकांत तुमाला नावं ठेवली. एकदा तरी तोंड उघडायचं!"

ह्यांनी माझी चप्पल हुडकून माझ्या पायापुढं ठेवली. वर न बघता म्हणाले, "मलाबी सोयीचं व्हतं की."

मी अंगावरची शाल ओढून त्यांच्या अंगावर फेकली, घरी आले, माळ्यावरची बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळ झटकायला बसले.